दोन व्याही आणि उंच बॅकहँड

टेनिसमध्ये एक फटका असा आहे, की तो बरोबर बसला तर कुणी टाळी वाजवत नाही आणि चुकला तर शेजारच्या कोर्टवरचे लोकसुद्धा खेळ थांबवून बघतात. उंच बॅकहँड व्हॉली असं त्याचं नाव. साताऱ्यातल्या क्लबात लोकांना तो शिकवण्यात माझी हयात गेली. अमुक एकाला तो माझ्यामुळे पुरता आला, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. संपादकांनी खरं तर ‘कामातलं यश’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. अंक छपाईला जायची घाई असल्यामुळे त्यांनी हेही चालवून घेतलं.

ज्यांनी टेनिस फक्त दुसऱ्याच्या घरच्या टीव्हीवर बघितलंय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. खेळाडू जाळीजवळ उभा असतो आणि चेंडूचा टप्पा पडायच्या आत तो हवेतच परतवतो, ती व्हॉली. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या बाजूला चेंडू आला तर काम सोपं. डाव्या बाजूला आला तर हात अंगावरून पलीकडे नेऊन मारायचा, तो बॅकहँड. आणि चेंडू डाव्या बाजूलाच, पण डोक्याच्याही वरून आला, तर मग देवाचं नाव घ्यायचं. घरी करून बघा. माळ्यावरचा भरलेला डबा पंजाच्या मागच्या बाजूने आत ढकला. हातात किती बळ उरतं ते कळेल.

उपाय एकच आहे आणि तो मी रोज सांगत आले. चेंडू वर दिसला की आधी खांदे वळवायचे. इतके वळवायचे, की समोरच्याला तुमची पाठ दिसली पाहिजे. डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरून ती वर न्यायची, कोपर उंच, मनगट घट्ट, आणि मग झोका न देता एक छोटा ठोसा. बळ हातातून येत नाही, वळलेल्या पाठीतून येतं. एवढं सगळं सांगून होईपर्यंत चेंडू मागच्या रेषेवर पडून कुंपणापाशी गेलेला असतो, ही या शिकवणीतली मुख्य अडचण.

माझं माहेर सांगलीचं. खेळायला कशी लागले, साताऱ्यात सून म्हणून कशी आले, हे सांगत बसत नाही. क्लबाने मला बायका आणि मुलांना शिकवायला ठेवलं होतं. पुढे ज्या पुरुषांना दुसरे कोच कंटाळले, तेही माझ्याकडे आले. त्यात एका साखर कारखान्याचे इंजिनिअर होते. खांदा नेमका किती अंशात वळवायचा, असं ते विचारायचे. शेवटी त्यांनी मोबाइल स्टँडवर लावून स्वतःचं चित्रण केलं, तेव्हा कळलं की चेंडू आला की ते डोळे मिटतात. दुसऱ्या दिवसापासून ते काळा चष्मा लावून येऊ लागले. एक वकीलसाहेब होते. चेंडू बाहेर गेलाय हे त्यांना मान्य असायचं, पण किती बाहेर यावर ते पुढची तारीख मागायचे. माझ्या हाताखालून मोठा खेळाडू एकही झाला नाही, याचं वाईट वाटतं. उतरलेली साखर आणि सुटलेले गुडघे मात्र गावात पुष्कळ फिरताना दिसतात. आता तर क्लबाने एका कोर्टवर पिकलबॉलच्या पिवळ्या रेघा मारल्यात. त्या खेळात खांदा वळवला नाही तरी चालतं म्हणे. चालू दे.

तर सांगायची गोष्ट तेजूची.

तेजू कोरेगावची. साताऱ्यात कॉलेजला असताना माझ्याकडे खेळायला यायची. फार वेगवान नव्हती, पण सांगितलेलं ऐकायची, आणि माझ्या धंद्यात अशी माणसं विरळा. पुण्याच्या नोकरीत तिचं एका मुलाशी जमलं, लग्न झालं आणि दोघं साताऱ्यात घर करून राहिली. एका सकाळी ती कोर्टवर आली. सातवा महिना होता. बाकावर टेकली, माझ्याकडची पाण्याची बाटली अर्धी संपवली आणि म्हणाली, “मॅडम, आप्पा आणि तात्यांना जोडीने खेळवाल का?”

आप्पा म्हणजे तिचे वडील. कोरेगावात आलं-घेवड्याचे व्यापारी, साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी पळायला लावलेले. तात्या म्हणजे तिचे सासरे. विट्याकडचे. तिकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात, तसे हेही तरुणपणीच तमिळनाडूत गेले, तिथे गलाईचं दुकान चालवलं आणि म्हातारपणी मुलाकडे साताऱ्यात आले. दोघेही माझ्याकडेच शिकत. आप्पा मंगळवार-शुक्रवार, तात्या सोमवार-गुरुवार. हे वार तेजूनेच ठरवून दिले होते आणि मला वाटलं होतं, योगायोग आहे.

“अगं, मग त्यात काय? खेळतील की.”

“ते एकमेकांशी कुस्ती खेळलेत,” ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. दोघेही ऐन उमेदीत पैलवान होते. विट्याकडच्या एका जत्रेत शेवटची कुस्ती यांची लागली. बराच वेळ कुणी कुणाला हलेना. मग तात्या चपळाईने आप्पांच्या मागे गेले, पाठीवरून कब्जा घेतला, घिस्सा डाव टाकून त्यांना उलथवलं आणि पंचाने तात्यांचा हात वर केला. चितपट व्हायला दोन्ही खांदे मातीला लागावे लागतात. आप्पांचं म्हणणं, एकच लागला होता. पंचाने ऐकलं नाही, हलगी वाजली, लोकांनी तात्यांना खांद्यावर घेतलं. आप्पांनी त्या दिवशी लंगोट सोडला तो कायमचा. तात्या दक्षिणेत गेले. पुढे मुलांचं जमलं आणि सुपारी फोडायला बसल्यावर या दोघांनी एकमेकांना ओळखलं.

आप्पा सभ्य माणूस. लग्नात त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. पण लेकीच्या घरात पाऊल टाकलं नाही. फाटकाशी गाडी थांबवायची, आल्याचं आणि घेवड्याचं पोतं उतरवायचं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि परत. कुणी आग्रह केला की म्हणायचे, “लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पानी पिऊ न्हाई. जुनी रीत हाय.” बाकी कुठलीही जुनी रीत ते पाळत नव्हते.

“आता मूल होईल,” तेजू म्हणाली. “मग काय सांगतील? बाळाला पण फाटकावरूनच बघणार का मॅडम ते? माझ्या सासऱ्यांचंही तसंच. आप्पांची गाडी वाजली की ते गच्चीवर जाऊन बसतात. मी मधल्या जिन्यात.”

हे सांगताना ती हसत होती, पण बाटलीचं झाकण तिला लागेना. मी ते लावून दिलं. मला तिची फार कणव आली.

दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला सातारा आणि सांगली अशा दोन क्लबांत मैत्रीचे सामने होतात. त्यात एक जोडी साठीच्या पुढची लागते. आमच्याकडे साठीच्या पुढचे आणि तरीही पळू शकणारे दोघेच होते, हे खरंच होतं. मी सेक्रेटरींकडून नावं लावून घेतली आणि नोटीस चिकटवली. आप्पांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, “क्लबाचा मान हाय म्हनल्यावर बोलायचं काय!” तात्यांनी नुसती मान हलवली.

पहिल्याच सरावात कळलं, की वैरापेक्षा मान जास्त महाग पडणार आहे. आमच्याकडे व्याही एकमेकांना पाव्हणं म्हणतात आणि पाव्हण्याच्या आधी कधी जेवायला बसायचं नसतं. मधोमध चेंडू आला की आप्पा रॅकेट खाली घेऊन म्हणत, “घ्या पाव्हणं.” तात्या मागे सरून म्हणत, “न्हाई न्हाई, तुमी घ्या.” चेंडू दोघांच्या मधून टप्पा खाऊन निघून जाई आणि दोघं एकमेकांकडे समाधानाने बघत. समोर दोन कॉलेजची पोरं होती. ती हसून हसून सर्व्हिस विसरली.

ते मी सोडवलं. उजवीकडचं एकाचं, डावीकडचं दुसऱ्याचं, मधलं आप्पांचं, तोंड बंद. आप्पा डाव्या अंगाला उभे, तात्या उजव्या. आणि मग नवीनच दुखणं निघालं. आप्पांची उंच बॅकहँड व्हॉली, जी माझ्यापुढे एकटे असताना बरी, चक्क बरी बसायची, ती गेलीच. चेंडू डाव्या खांद्यावरून यायचा, आप्पा छाती पुढेच ठेवून हात तेवढा वर करायचे आणि चेंडू देवळातल्या प्रसादासारखा हळूच समोरच्याच्या हातात पडायचा. मी पकड तपासली. कोपर तपासलं. रॅकेटची तार बदलून बघितली. शुक्रवारी एकटे आले की पुन्हा झकास वळायचे.

एका सकाळी मी तात्यांच्या जागी जाऊन उभी राहिले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उजव्या हाताचा माणूस बॅकहँडला डावीकडे वळला की त्याची पाठ नुसती समोरच्याला दिसत नाही. डाव्या अंगाला उभा असेल तर ती सरळ जोडीदाराकडे होते.

“आप्पा, तुम्ही वळत नाही,” मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं.

“वळतुया की.”

“तात्या असले की नाही वळत.”

आप्पा टॉवेलाने मान पुसत राहिले. “मॅडम, तालमीत वस्तादानं एकच सांगितलं. मागं कुनाला येऊ द्याचं न्हाई.”

“अहो, ते तुमचे जोडीदार आहेत.”

“व्हय. म्हनूनच त्येनला मागं जायला लय सोपं.”

यावर तंत्राच्या पुस्तकात काही उत्तर नाही. जागा बदलून द्यावी असं मनात आलं होतं, पण तात्यांचा उजव्या बाजूचा परतीचा फटका चांगला होता, तो मोडायचं जिवावर आलं. धकून जाईल म्हटलं.

सांगलीत धकलं नाही. समोरची जोडी म्हणजे एक दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त प्राचार्य. दोघेही गोड बोलणारे, आणि अशांपासून कोर्टवर सांभाळून राहावं. डॉक्टरांनी पहिल्या दोन गेममध्ये आप्पांचा डावा खांदा हेरला आणि मग किडका दात सापडल्यासारखे ते तिथेच काम करत बसले. उंच चेंडू, डाव्या खांद्यावर. पुन्हा उंच चेंडू, डाव्या खांद्यावर. पहिला सेट कसा गेला ते सांगत नाही. कुंपणाबाहेर तेजू खुर्चीवर बसली होती. तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हटलं होतं आणि ती आली होती. शेवटी शेवटी आप्पा तिच्याकडे बघायचेही टाळत होते.

सेट संपला तेव्हा मी सांगितलं, “जागा बदला. तात्या डावीकडे, आप्पा उजवीकडे.”

उजवीकडून आप्पा वळले की त्यांचं तोंड तात्यांकडे व्हायचं, पाठ मोकळ्या बाजूला. त्यांची व्हॉली लगेच सुधारली. प्राचार्य एकदा ‘वा’ म्हणाले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात डॉक्टरांनी एक उंच चेंडू सवयीने डाव्या अंगाला टाकला, म्हणजे आता तात्यांच्या खांद्यावर.

तात्या वळले नाहीत.

दुसरा चेंडू आला, तिसरा आला. सोमवार-गुरुवारी हा माणूस माझ्यापुढे दोन्ही अंगांना व्यवस्थित वळायचा. इथे छाती पुढे ठेवून नुसता हात वर करत होता आणि नजर चेंडूवर नव्हती. आप्पांवर होती.

बाजू बदलायला ते दोघं बाकावर आले. आम्ही तिघंच होतो. मी बोलायला नको होतं, पण इतकी वर्षं चुका दाखवायचाच पगार घेतला, तोंड थांबत नाही. म्हटलं, “तात्या, आप्पा का वळत नाहीत ते मला समजतं. ते त्या कुस्तीत हरलेत. तुम्ही जिंकलात. तुम्ही का वळत नाही?”

तात्यांनी ग्लुकोजच्या पाण्याचा घोट घेतला. पेला खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, त्यात काहीच नव्हतं.

“पाव्हणं,” ते आप्पांकडे न बघता म्हणाले, “त्या दिवशी तुमचा डावा खांदा टेकला न्हवता. खाली माझा हात व्हता. मनगटापस्नं कोपरापत्तुर. मातीला लागला त्यो माझा हात. पंचाला वरनं काय दिसतंय? पर मला कळलं व्हतं. हात वर केला तवाच मी बोलाया पायजे व्हतं. न्हाई बोललो.”

समोर डॉक्टर आणि प्राचार्य केळी खात होते. आप्पांनी मोज्याची मुरड नीट केली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

“ते मला ठाव हाय,” ते म्हणाले. “खांदा माझाच व्हता. तुमाला ठाव हाय का न्हाई, एवढंच मला म्हाईत न्हवतं.”

“मी लय आधी सांगाया पायजे व्हतं.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “चला, पंच बोलवतुया.”

मला त्या वेळी काय वाटलं ते सरळ सांगते: मला रडू आलं, आणि कोचने बाकावर बसून रडणं बरं दिसत नाही म्हणून मी चेंडूंचा डबा उघडून त्यात बघत बसले.

पहिल्याच पॉइंटला डॉक्टरांनी तोच चेंडू टाकला. उंच, डाव्या खांद्यावर. आणि तात्या वळले. खांदे, कंबर, डावा हात रॅकेटच्या गळ्याशी, कोपर वर, आणि अख्खी पाठ आप्पांकडे. ‘असं असावं’ म्हणून मी पोरांना जे चित्र काढून दाखवते, अगदी तसं. मनगट घट्ट, छोटा ठोसा. चेंडू जाळीत गेला. पण तंत्रात काही म्हणजे काही चूक नव्हती. आप्पा मागून म्हणाले, “बेस, पाव्हणं!” त्यांचं हे ‘बेस’ मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

पुढे त्यांनी चार-पाच उंच चेंडू चांगले परतवले आणि सामना हरले. चषक सांगलीकडे राहिला. माझ्या माहेरीच राहिला म्हणायचं, काही बिघडत नाही. सेक्रेटरी मात्र माझ्यावर नाराज होते. जागा आधीच का बदलली नाही, असं त्यांचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं.

आप्पा सांगलीला स्वतःच्या गाडीने आले होते. जाताना ती त्यांनी क्लबाच्या एका पोराकडे दिली आणि लेकीजवळ बसायचं म्हणून तिच्या गाडीत बसले. मी दुसऱ्या गाडीत होते, त्यामुळे पुढचं तेजूनेच संध्याकाळी फोन करून सांगितलं. आधी बराच वेळ तिला बोलताच येईना. मी घाबरले, आता आठवा महिना, त्यात प्रवास. म्हटलं, “अगं काय झालं? दवाखान्यात नेलंय का?”

“नाही हो मॅडम, घरीच आहे,” ती म्हणाली. “पेठ नाक्यापासून दोघं भांडताहेत. तात्या म्हणाले उजवा हात होता, आप्पा म्हणाले डावा. मलकापूर आलं, कराड गेलं, भांडण काही संपेना. घराशी गाडी थांबली, तरी बोलतच उतरले. बोलत बोलत फाटकातून आत, चपला काढल्या, हॉलमध्ये. आप्पांच्या लक्षातच नाही, मॅडम. मी श्वास रोखून मागे. तात्यांनी टीपॉय सरकवला. आप्पा आडवे झाले, खाली, माझ्या फरशीवर. तात्यांनी खांद्याखाली हात घातला आणि दोघं मला हाका मारायला लागले. तेजू, ये, बघ, टेकलाय का?”

“मग?”

“मला वाकता येईना. सोफ्याला धरून खाली बसले. बघितलं. मी म्हटलं, टेकला नाही. तात्या म्हणाले, ऐका, पंच काय म्हणतुया. त्यांनी हात काढून घेतला. पण आप्पा उठेचनात, मॅडम. तसेच पडून राहिले, वर बघत. आणि म्हणाले, ‘तेजू, पंखा लय आवाज करतुया गं. उद्या येतो आन् बघतो.’”